सोळाव्या आठवड्याचा डोस

"दोन डोस झाले होते, तरी पार्व्हो झालाच कसा?" जनावरांच्या कुठल्याही दवाखान्यात थोडा वेळ बसलं की हा प्रश्न कानावर पडतो. टेबलावर अडीच-तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू निपचित पडलेलं असतं. पुढच्या पायाला सलाईन, डोळे खोल गेलेले. परवापर्यंत घरभर चपला पळवणाऱ्या या जिवानं काल सकाळी खाणं सोडलं, दुपारी उलट्या सुरू झाल्या आणि रात्री रक्ताचे जुलाब. घरचे लोक निष्काळजी नसतात. लसीकरणाचं कार्ड त्यांनी बरोबर आणलेलं असतं आणि त्यावर तारखांसकट दोन स्टिकरही असतात. त्यांचा राग लसीवर निघतो, कधी डॉक्टरांवर. राग समजण्यासारखा आहे आणि प्रश्न तर अगदी रास्त आहे.

उत्तर हवं असेल तर आधी एक पक्का बसलेला समज सोडावा लागतो. पहिल्या डोसनं थोडी ताकद येते, दुसऱ्यानं आणखी, तिसऱ्यानं पूर्ण, असं बहुतेकांना वाटतं. त्यामुळे दोन डोस झाले म्हणजे बरंचसं काम उरकलं, तिसरा जरा लांबला तरी चालेल, असा हिशोब मनात तयार होतो. पार्व्हो, डिस्टेंपर आणि अ‍ॅडिनोव्हायरसमुळे येणारी यकृताची सूज, या तीन रोगांच्या लसींना हा हिशोब लागूच पडत नाही. या लसींत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो पिल्लाच्या शरीरात थोडा वाढला, की एका डोसमध्येही भक्कम आणि काही वर्षं टिकणारं संरक्षण मिळू शकतं. त्याला वाढताच आलं नाही, तर तो डोस वाया जातो. मग तीन-तीन वेळा टोचायचं कशाला? कारण नेमका कुठला डोस लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही, याचं कारण पिल्लाची आई.

जन्मल्यावर पहिल्या दिवशी पिल्लू जे दूध पितं, तो चीक असतो. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं त्यात भरभरून असतात. पिल्लाचं आतडं जन्मानंतर साधारण चोवीस तासच ही प्रतिपिंडं जशीच्या तशी रक्तात घेऊ शकतं. पोटात असताना नाळेतून फार थोडी आलेली असतात, त्यामुळे सगळी भिस्त या चिकावर. आईनं बांधून दिलेली ही शिदोरी आहे, आणि ती पुरेशी आहे तोवर पिल्लू सुरक्षित असतं. पण हीच प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाही ओळखतात आणि वाढू न देता त्याला निकामी करतात. रोग आणणारा विषाणू कुठला आणि डॉक्टरांनी टोचलेला कुठला, हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नाही.

ही शिदोरी ठरावीक वेगानं संपते. पार्व्होविरुद्धची आईकडून आलेली प्रतिपिंडं साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होतात. समजण्यासाठी ढोबळ आकडे घेऊ. प्रयोगशाळेच्या मोजमापात पातळी ८० किंवा त्याहून जास्त असेल, तर पिल्लाला रोग होत नाही असं धरू. ती त्याखाली घसरली की बाहेरचा विषाणू मात करू शकतो. लसीतला विषाणू दुबळा. त्याला वाढायला वाव मिळण्यासाठी समजा पातळी २० पर्यंत उतरावी लागते. ८० वरून ४०, ४० वरून २०. दोनदा निम्मी व्हायची म्हणजे वीस दिवस. जवळजवळ तीन आठवडे असे जातात, की आईचं संरक्षण अपुरं पडलेलं असतं आणि लसही अजून लागू पडत नाही. हल्लीच्या चांगल्या लसी प्रतिपिंडं थोडी जास्त असतानाही काम करतात, त्यामुळे हा धोक्याचा काळ आखडला आहे. तो पूर्ण मिटवणारी लस मात्र आलेली नाही.

बरं, हा काळ प्रत्येक पिल्लाला वेगळ्या वयात गाठतो. एकाच विणीतलं जे दांडगं पिल्लू पहिल्या दिवशी पोटभर चीक प्यालं, त्याची प्रतिपिंडं चौदा-पंधरा आठवडेही टिकतील. ज्याला भावंडांनी मागे ढकललं, त्याची सहाव्या-सातव्या आठवड्यातच संपतील. आईला कधी लस मिळालीच नसेल आणि तिला तो रोगही होऊन गेला नसेल, तर तिची पिल्लं पहिल्या दिवसापासून उघडी पडतात. उलट, जिची सगळी लसीकरणं वेळेवर झाली आहेत, अशा आईच्या पिल्लांना लस उशिरा लागू पडते. चांगली निगा राखलेल्या घरातलं पिल्लू दोन डोसनंतर आजारी पडतं ते याचमुळे, आणि म्हणूनच त्या घरातल्या माणसांना ते जास्त अन्यायाचं वाटतं.

वेळापत्रकामागचं कारण आता उलगडेल. जगभरच्या पशुवैद्यांची संघटना, वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशन, हिच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं वय असताना द्यायचा, मग दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचा, आणि शेवटचा डोस पिल्लाला सोळा आठवडे झाल्यावर किंवा त्यानंतर. सुरुवातीचे डोस असतात ज्यांची प्रतिपिंडं लवकर संपली त्यांच्यासाठी. सोळाव्या आठवड्याचा असतो उशिरा संपलेल्यांसाठी, आणि तोवर बहुतेक सगळ्या पिल्लांत लस लागू पडते. माझ्या मते, कार्डावर किती स्टिकर आहेत हे मोजण्यापेक्षा शेवटच्या स्टिकरच्या तारखेला पिल्लू किती आठवड्यांचं होतं, हे मोजावं. अकराव्या आठवड्यात थांबलेले दोन डोस आणि बाराव्या आठवड्यात थांबलेले तीन डोस, दोन्ही अपुरेच. त्यानंतर वयाच्या सहाव्या महिन्याच्या सुमारास आणखी एक डोस द्यावा असं आता सांगतात. आपण त्याला बूस्टर म्हणतो खरं, पण त्याचा मुख्य हेतू सोळाव्या आठवड्यालाही ज्यांना लस लागली नाही अशी थोडीथोडकी पिल्लं हुकू नयेत, हा आहे. पूर्वी हा डोस वर्ष झाल्यावर देत. तो अलीकडे आणल्यामुळे त्या पिल्लांचे मधले सहा महिने धोक्यात जात नाहीत.

पार्व्होवर इतका वेळ घालवावा, असा तो रोगच आहे. कुत्र्यांमधला हा विषाणू तसा नवा. १९७८ साली तो एकदम नजरेत आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. मांजरांना होणाऱ्या अशाच एका रोगाच्या विषाणूशी त्याचं जवळचं नातं आहे. त्यात थोडे बदल होऊन तो कुत्र्याच्या पेशींत शिरू लागला. एकाही कुत्र्यात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं नव्हती, त्यामुळे त्या पहिल्या लाटेत मोठे कुत्रेही गेले. आज तो मुख्यतः पिल्लांचा रोग उरला आहे.

या विषाणूला वाढण्यासाठी भराभर विभागणाऱ्या पेशी लागतात. पिल्लाच्या शरीरात अशा पेशी दोन ठिकाणी भरपूर असतात: आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत. अस्तराच्या नव्या पेशी तयार होणं थांबलं की आतडं आतून सोललं जातं, अन्नपाणी शोषलं जात नाही, रक्त जातं आणि आतड्यातले जंतू थेट रक्तात उतरतात. नेमक्या त्याच वेळी अस्थिमज्जा मार खाऊन बसलेली असल्यानं जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही संपत आलेल्या असतात. विषाणूला सरसकट मारून टाकणारं औषध हाताशी नाही. सलाईन, उलटी थांबवणारी औषधं, प्रतिजैविकं आणि जमेल तितक्या लवकर थोडं थोडं खाणं, एवढ्यावर पिल्लाला चार-पाच दिवस तगवून धरायचं असतं. वेळेवर दाखल केलेली बरीच पिल्लं वाचतात. उपचार न मिळालेली बहुतेक दगावतात.

आजारी पिल्लाच्या विष्ठेतून विषाणू प्रचंड संख्येनं बाहेर पडतो आणि सावलीतल्या मातीत महिनोन्महिने टिकतो. कुत्रा कुत्र्याला भेटण्याचीही गरज नसते. चपलेच्या तळाला लागून तो चौथ्या मजल्यावर पोचतो. "आमचं पिल्लू घराबाहेर पडतच नाही" या भरवशावर म्हणूनच राहू नये. आणि ज्या घरात पार्व्होनं पिल्लू गेलं, तिथे महिन्याभरात दुसरं आणलं जातं, तेव्हा मला फार काळजी वाटते. आपल्याकडे फरशी फिनाईलनं पुसली की घर शुद्ध झालं असं मानतात. फिनाईल या विषाणूपुढे चालत नाही. आधी घाण साबणानं पूर्ण काढून, मग कपडे पांढरे करण्याचं ब्लीच साधारण एकास तीस या प्रमाणात पाण्यात घालून, जागा निदान दहा मिनिटं ओली ठेवावी लागते. मातीच्या अंगणात तेही शक्य नसतं. अशा घरात नवं पिल्लू आणायचंच असेल, तर सगळे डोस पूर्ण झालेलं, थोडं मोठं आणावं.

मग डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कोंडून ठेवायचं का? तसं केलं तर दुसरं नुकसान होतं. साधारण तीन ते चौदा आठवडे या वयात पिल्लू जग ओळखायला शिकतं. रिक्षाचा आवाज, लहान मुलं, काठी टेकत चालणारे आजोबा, कुकरची शिट्टी, हे सगळं त्या दिवसांत ओळखीचं झालं नाही, तर पुढे भित्रा आणि भीतीपोटी चावणारा कुत्रा तयार होतो. त्याला कडेवर घेऊन फिरवावं, गॅलरीतून रस्ता दाखवावा, लसीकरण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याच्या घरी न्यावं. जिथे अनोळखी कुत्रे विष्ठा करतात, अशा जमिनीवर तेवढं सोडू नये.

लस वाया जाण्याचं आणखी एक कारण आईच्या प्रतिपिंडांशी संबंधित नाही, आणि ते टाळणं पूर्ण आपल्या हातात आहे. दवाखान्यात डोस तयार होताना एकदा नीट बघा. फ्रिजमधून दोन चिमुकल्या बाटल्या निघतात. एकीच्या तळाशी पांढुरकी सुकी वडी चिकटलेली असते. त्यात तो दुबळा विषाणू वाळवून ठेवलेला. दुसरीत द्रव असतो. डॉक्टर सिरिंजनं द्रव ओढून पहिल्या बाटलीत सोडतात, ती हळूच हलवतात, वडी क्षणात विरघळते, आणि मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई आत जाते. मग बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात. त्यावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. ही बाटली कारखान्यापासून त्या क्षणापर्यंत २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. विदर्भातल्या मे महिन्यात औषधाच्या दुकानातून घेऊन पिशवीत घालून तासभर फिरवलेली लस टोचली, तर पिल्लाला सुई लागते, लस लागत नाही. औषध स्वतः विकत आणून कंपाउंडरकडून टोचून घेण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. पैसे थोडे वाचत असतील, पण त्या डोसवर विश्वास ठेवता येत नाही.

विकत घेतलेल्या पिल्लाच्या कार्डाबाबतही सावध राहावं. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ साली केलेल्या केंद्राच्या नियमांत आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला मनाई आहे. तरी बाजारात महिन्या-सव्वा महिन्याची पिल्लं सर्रास दिसतात, आणि "दोन डोस झालेत" असं सांगितलं जातं. खरंच झाले असले, तरी इतक्या लहान वयात त्यांचा भरवसा धरता येत नाही. पिल्लू घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवावं, जंताचं औषध द्यावं आणि पुढचं वेळापत्रक खऱ्या वयावरून नव्यानं मांडून घ्यावं. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबावं. एखादा दिवस मरगळ, हलका ताप, टोचल्या जागी गाठ, हे चालतं. तोंड सुजणं, धाप लागणं, वारंवार उलट्या होणं ही अ‍ॅलर्जीची लक्षणं आहेत. ती क्वचितच दिसतात, पण दिसली तर तिथल्या तिथे उपचार लागतात.

सुरुवातीला उल्लेख आलेला डिस्टेंपर हा गोवराच्या विषाणूच्या कुटुंबातला. डोळ्या-नाकातून चिकट पाणी, खोकला, जुलाब, आणि हे सगळं ओसरल्यासारखं वाटल्यावर काही आठवड्यांनी झटके. वाचलेल्या काही कुत्र्यांचा एखादा पाय पुढे जन्मभर आपोआप उडत राहतो. हा विषाणू कुत्र्यापुरता थांबत नाही. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत त्यानं तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गुजरातच्या गीरमध्ये दलखाणिया भागात एकामागोमाग वीसहून जास्त सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा त्यांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आशियाई सिंह जंगलात उरले आहेत ते फक्त गुजरातेत. जंगलालगतच्या गावांत हिंडणारे, कधीच लस न मिळालेले कुत्रे हा अशा ठिकाणचा कायमचा धोका आहे. ताडोबा, मेळघाटाच्या काठावरच्या गावांनाही हेच लागू आहे.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती, आणि कोकणात भातलावणीच्या दिवसांत त्याची धास्ती असतेच. उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून कुत्र्याला तो होतो, मूत्रपिंडं आणि यकृत निकामी करतो, आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. याची लस मेलेल्या जिवाणूंची असते. तिचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं लागतात आणि दरवर्षी ती पुन्हा घ्यावी लागते. पावसाळ्याआधी घेतलेली बरी. पार्व्हो-डिस्टेंपरचं तसं नाही. सुरुवातीचे डोस व्यवस्थित झाले असतील, तर त्या लसी तीन वर्षांच्या आत पुन्हा देण्याची गरज नसते, असं वर उल्लेखलेल्या सूचना सांगतात. आपल्याकडे सगळं एकाच मिश्र डोसमध्ये येत असल्यानं दरवर्षी सरसकट दिलं जातं. त्यानं फारसं बिघडत नसलं, तरी डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं. प्रतिपिंडं मोजण्याची चाचणीही करून घेता येते.

रेबीजचं गणित या सगळ्यांहून निराळं आहे. पार्व्होची लस त्या एका पिल्लासाठी असते. रेबीजची लस कुत्र्याला टोचतात, आणि तिच्यामुळे वाचतात ती मुख्यतः माणसं. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजनं मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतला फार मोठा वाटा भारताचा. जवळजवळ सगळ्यांना तो कुत्र्याच्या चाव्यातून झालेला असतो, आणि बळी जातात त्यांत लहान मुलं पुष्कळ. लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. पाळलेल्या पिल्लाला पहिला डोस बारा आठवड्यांनंतर, मग वर्षानं, आणि पुढे आपल्याकडे दरवर्षी. लसवंत कुत्रा चावला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं, हे टळत नाही. जुन्या लोकांच्या मनात पोटातली चौदा इंजेक्शनं अजून घर करून आहेत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस कधीच बंद झाली. आता दंडावर चार-पाच डोस असतात. त्या भीतीपोटी चावा लपवणारी मुलं अजून आहेत, म्हणून हे घराघरात सांगायला हवं.

एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना रेबीजची लस मिळाली, की रोगाची साखळी तुटते. हे घडवून दाखवलं ते गोव्यानं. मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी २०१३ पासून पुढच्या काही वर्षांत गावोगाव पथकं पाठवली. दोघे-तिघे जण, हातात लांब दांड्याची जाळी. कुत्रा जाळीत आला की पिळा देऊन तो स्थिर करायचा, मांडीत सुई, डोक्यावर रंगाचा ठिपका, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये जागेची नोंद, आणि सोडून द्यायचा. सगळं मिनिटभरात. नंतर दुसरं पथक त्याच गल्ल्यांतून फिरून ठिपकेवाले किती आणि बिनठिपक्याचे किती ते मोजायचं. सत्तर टक्के भरले नाहीत, तर त्या वाडीत पुन्हा जायचं. वर्षाला ९५ हजारांहून जास्त कुत्र्यांना लस मिळाली आणि दीड लाख शाळकरी मुलांपर्यंत माहिती पोचली. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधल्या रेबीजचं मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटलं. २०१८ पासूनच्या तीन वर्षांत रेबीजनं एकही माणूस दगावला नाही, आणि २०२१ मध्ये सरकारनं राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलं. यात नवं औषध काही नव्हतं. कुठली गल्ली राहून गेली हे मोजण्याची चिकाटी होती, आणि मला वाटतं, महाराष्ट्रातल्या महापालिकांनी गोव्याकडून घ्यावी ती हीच.

अशा मोहिमांत तीन महिन्यांहून लहान पिल्लंही वगळत नाहीत. रस्त्यावरचं पिल्लू महिन्याभरानं पुन्हा हाती लागेलच असं नाही, आणि मुलं उचलून खेळवतात ती पिल्लंच. तुमच्या सोसायटीच्या कुंपणाशी एखादी कुत्री व्यायली असेल, तर पिल्लं दोन-अडीच महिन्यांची होताच पशुवैद्याला बोलावून रेबीजचा डोस द्यावा, वर्गणी निघत असेल तर पार्व्हो-डिस्टेंपरचाही. "गावठी कुत्र्यांना काही होत नाही" हे खरं नाही. रस्त्यावरची किती पिल्लं पहिल्या वर्षातच जातात हे आपण मोजत नाही, म्हणून तसं वाटतं.

रस्त्यावरच्या एखाद्या कुत्रीच्या कानाला त्रिकोणी काप दिसला, तर तिची नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी तिला रेबीजची लस टोचलेली असते. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबाबतच्या केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार ही दोन्ही कामं स्थानिक स्वराज्य संस्थेनं करायची आहेत. पण तो काप किती जुना आहे हे कानाकडे बघून कळत नाही. चार वर्षांपूर्वीची लस आज पुरत नाही, आणि कापलेला कान बघून शेजारीपाजारी मात्र निर्धास्त असतात. जे लोक रोज या कुत्र्यांना खाऊ घालतात, त्यांनी प्रत्येकाचा एक फोटो आणि शेवटच्या डोसची तारीख वहीत लिहून ठेवावी. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास अनेक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत लसीची मोफत शिबिरं असतात. ही वही घेऊन तिथल्या डॉक्टरांना भेटलं, तर गल्लीतल्या कुठल्या कुत्र्यांचं यंदाचं इंजेक्शन राहिलं आहे हे त्यांना लगेच कळेल.